उसाला खत, कारभारणीला काय?

सभासद बंधूंनो, उसाचे पान पिवळे पडले की तुम्ही लगेच आमच्याकडे येता. पण घरची कारभारीण सर्वांच्या मागून भाकरी-ठेच्यावर भागवते, ते कोण पाहतो? नुसत्या पिष्टमय खाण्याने रक्तातली साखर चढते, तिला आवरायला इन्शुलिन हे संप्रेरक वाढते. काही जणींची पाळीही त्याने बिघडते. त्रास असेल तर डॉक्टरांना दाखवाच. पण दुपारची एक भाकरी कमी करून वाटीभर मोडाची मटकी वाफवा. त्यात मूठभर भाजके शेंगदाणे, काकडी, कांदा, कोथिंबीर, लिंबू घाला. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. सुरू उसात भुईमुगाचे आंतरपीक घ्या, पहिली पाटी घरातच ठेवा, आणि तिचे ताट आधी वाढा.