तेराव्यानंतरचे घर आणि मुलांची कॉमिक्स

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी बरीच वर्षे दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरला एक गोष्ट अनुभवाने कळते. घरात मृत्यू झाला की त्या घरातली माणसे पहिल्या तेरा दिवसांत फारशी दवाखान्याकडे फिरकत नाहीत. ती येतात त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत. कुणाचा रक्तदाब वाढलेला असतो, कुणाला पहाटे तीनलाच जाग येते, कुणाची साखर वर गेलेली असते, कारण त्या गडबडीत गोळ्याच बंद झालेल्या असतात. आणि लहान मुलाचे पोट दुखत असते.

असाच एक अकरा वर्षांचा मुलगा आईसोबत आला होता. (त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत.) सकाळी शाळेच्या वेळी पोटात दुखते, जेवण कमी झाले आहे, एवढीच तक्रार. मी पोट तपासले, लघवी तपासून घेतली, जंताचे औषध दिले. दहा दिवसांनी पुन्हा तेच. मी औषध बदलले. तिसऱ्या खेपेस त्याच्या मांडीवर स्पायडरमॅनचे एक जुने कॉमिक्स होते. मी ते सहज हातात घेतले आणि विचारले, “यात त्याचा काका मरतो ना?” मुलगा म्हणाला, “हो. पण त्याच्यामुळंच मरतो.” एवढे बोलून त्याने आईकडे पाहिले आणि तो गप्प झाला. त्याचे आजोबा जाऊन तीन महिने झाले होते, हे मला त्या दिवशी समजले. आधीच्या दोन भेटींत घरात काय घडले आहे, हे मी विचारलेच नव्हते. ती चूक माझी होती.

वाचकहो, कॉमिक्स म्हणजे नुसती मारामारी, असा आपला समज असतो. माझ्या पिढीच्या आईवडिलांचाही होता. १९६४ साली सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघत. वेताळ आम्हाला भेटला तो त्यांतून. परंतु आज मागे वळून पाहता ध्यानात येते, की त्या चित्रांच्या मुळाशी बहुधा घरातला एक मृत्यूच असे. बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून पहिला वेताळ शपथ घेतो आणि एका मुलाचा शोक पिढ्यान्‌पिढ्यांचे कर्तव्य बनतो. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये निर्माण केलेला बहादूर हा तर डाकूचा मुलगा. पोलिसांच्या गोळीने बाप गेल्यावर तो सुडाने पेटतो. पण पुढे ज्याच्यावर सूड घ्यायचा, त्याच पोलीस अधिकाऱ्याच्या सहवासात त्याला वेगळी वाट सापडते. मुले ही पुस्तके वाचतात तेव्हा आपल्या नकळत एक प्रश्न हाताळत असतात : आपले माणूस गेल्यावर उरलेल्यांनी एकमेकांशी कसे वागायचे?

न सांगितलेला अपराध

स्पायडरमॅनची मूळ कथा ऑगस्ट १९६२ची, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांची. पीटर पार्कर हा पोरका मुलगा बेनकाका व मेकाकू यांच्या घरी वाढतो. अंगी शक्ती आल्यावर तो गर्वाने एका पळणाऱ्या चोराला अडवत नाही आणि तोच चोर पुढे त्याच्या काकाचा जीव घेतो. २००४ साली या कथेने भारतीय रूपही घेतले. त्यातला पवित्र प्रभाकर खेड्यातून मुंबईस येतो. संकटात सापडलेल्या एका स्त्रीच्या हाकेकडे तो पाठ फिरवतो आणि तिला वाचवायला धावलेले त्याचे भीमकाका प्राणास मुकतात. हाच पवित्र २०२३ मध्ये चित्रपटातून आला आणि तो चित्रपट मराठीतही ऐकायला मिळाला.

या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र २००२ मधला आहे. पीटर अखेरीस काकूला सांगतो, की काका माझ्यामुळे गेले. त्यावर काकू म्हणते, की मीही स्वतःलाच दोष देत आले. त्या रात्री आमचे भांडण झाले होते, म्हणून ते घराबाहेर पडले होते. म्हणजे एका छपराखाली राहणारी दोन माणसे एकाच मृत्यूचा दोष आपापल्या उराशी लपवून जगत होती. १९६२ ते २००२ : वाचकांच्या हिशेबाने चाळीस वर्षे!

हे केवळ कथेतले नाही. प्रिय माणूस गेल्यावर मन कारण शोधते, आणि कारण सापडले नाही की दोषी शोधते. दोषी बाहेर सापडला नाही की मन स्वतःलाच दोषी ठरवते. सात-आठ वर्षांच्या आतील मुलांत ही प्रवृत्ती विशेष असते, कारण आपल्या मनात आले म्हणून ते घडले, असे त्या वयात खरोखर वाटते. “मी आजीवर चिडलो होतो, म्हणून ती गेली,” असे मूल मनात म्हणते, तोंडाने म्हणते, “पोट दुखतंय.” दुखणे खोटे नसते. भीती व ताण यांमुळे आतड्यांच्या हालचाली बदलतात, पोटात पीळ पडतो, भूक मरते. मुलाला ‘नाटक करतोस’ म्हणणे हा दुहेरी अन्याय होय.

शोकाचा राग कसा होतो

दुसरा नायक बॅटमॅन. १९८८ मध्ये त्याचा तरुण साथीदार जेसन टॉड याला मारायचे की जगवायचे, हे प्रकाशकांनी वाचकांच्या दूरध्वनी-मतांवर सोपवले. जगवावे अशी ५,२७१ मते पडली आणि मरावा अशी ५,३४३. केवळ ७२ मतांनी तो मुलगा मेला. या प्रकाराबद्दल आपण काहीही म्हणू; परंतु त्यानंतरच्या कथांत जे घर दिसते, ते डॉक्टरला ओळखीचे वाटते. ब्रूस वेन शोक करीत नाही, तो अधिक निष्ठुर होतो आणि स्वतःच्या जिवाची पर्वा सोडतो. मोठा मानसपुत्र डिक त्याला जाब विचारायला येतो, तेव्हा ब्रूस त्याच्यावर हात टाकतो. ज्या दोघांनी एकमेकांना धरून रडायला हवे होते, ते दोघे दुरावतात.

२०१९ मध्ये या घरातला वृद्ध आल्फ्रेड मारला जातो. नावाचा तो नोकर. खरे तर त्या घराची आजी म्हणावी असा. सर्वांचे जेवण, जखमा, रुसवेफुगवे तोच सांभाळत असे. पुढच्या वर्षीच्या एका अंकात त्याच्या स्मरणासाठी सारी मुले एकत्र बसतात, आठवणी निघतात, आठवणींतून उणीदुणी निघतात आणि एकेक जण उठून जातो. आपल्याकडे तेराव्याचे जेवण आटोपल्यावर ओसरीवर जे घडते, त्याहून हे वेगळे आहे काय?

“वेळीच परभणीला हलवायला हवे होते.” “तुम्ही जवळ होता, तुमच्या लक्षात कसे आले नाही?” “दवाखान्याचा खर्च आम्हीच केला.” मग वाटणी, सातबारा, आईच्या पाटल्या. या भांडणांत जमिनीचा प्रश्न खराच असतो, हे मी नाकारत नाही. परंतु पुष्कळदा जमीन हे निमित्त असते. जो गेला तो सर्वांना बांधून ठेवणारा दोर होता, आणि दोर तुटल्याचे दुःख सांगता येत नाही म्हणून माणसे बांधावरून भांडतात. त्यात प्रत्येकाची शोक करण्याची रीत निराळी. बहीण रडते, भाऊ दुसऱ्या दिवशी शेतात जातो. तिला वाटते, याला काहीच वाटत नाही. त्याला वाटते, ही रडून घर बुडवील. दोघेही शोकच करीत असतात.

शरीरही यात सामील असते. ताणाच्या संप्रेरकांमुळे नाडी व रक्तदाब वाढतो, झोप उडते, आणि जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा धोका वाढतो. तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होणारा एक विकार जपानी डॉक्टरांनी १९९०च्या सुमारास वर्णिला. तो मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत दिसतो. म्हणून पती गेलेल्या आजीबाई छातीत दुखते म्हणाल्या, तर ‘दुःखामुळे होते’ असे म्हणून घरी ठेवू नका. ईसीजी काढून घ्या.

कॉमिक्स जिथे चुकतात

एका बाबतीत ही पुस्तके मुलांची दिशाभूल करतात. त्यांतली माणसे परत येतात. १९९२ मध्ये मेलेला सुपरमॅन १९९३ मध्ये परतला. जेसन टॉडही पुढे परतला. मृत्यू कायमचा असतो, ही समज मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान येऊ लागते. त्याआधी ‘आजोबा झोपले’ म्हटले तर मूल झोपायला घाबरते. ‘गावाला गेले’ म्हटले तर दारात वाट पाहते. म्हणून साध्या शब्दांत सांगावे : “आजोबा वारले. त्यांचे हृदय बंद पडले. ते परत येणार नाहीत. आपण त्यांची आठवण काढू.” देवाघरी गेले असे आपली श्रद्धा म्हणत असेल, तर तेही सांगावे, पण हे सांगितल्यानंतर.

घरात काय करावे

मुलाला थेट विचारा, “तुझ्यामुळे काही झाले असे तुला वाटते का?” हा प्रश्न विचारल्याने अपराधभाव निर्माण होत नाही, असलेला मोकळा होतो. उत्तर येताच ‘वेडा आहेस का’ म्हणून उडवून लावू नका. पूर्ण ऐका, मग समजवा.

मोठ्यांनी मुलांसमोर एकमेकांवर मृत्यूचा दोष ठेवू नये. शक्य असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे सर्व भावंडांनी एकत्र जाऊन नेमके काय झाले ते समजून घ्यावे. अर्धवट माहितीतून निम्मे आरोप जन्मतात. वाटणीची बोलणी, कायद्याची मुदत नसेल तर, काही महिने पुढे ढकलावीत. घरातल्या प्रत्येकाच्या चालू गोळ्या कोण पाहणार, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. आल्फ्रेडसारखे सर्वांचे करणारे जे माणूस मागे उरते, ते जेवले का, हे कुणीतरी विचारावे.

आपल्या परंपरेत याची सोय आहे. गंगाखेडच्या घाटावर गोदावरीकाठी पिंडाला कावळा शिवत नसला की घरचे मोठ्याने म्हणतात, “काळजी करू नका, धाकट्याचे शिक्षण आम्ही करू, आईला अंतर देणार नाही.” गेलेल्याला ऐकू जाते की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या धाकट्याला आणि आईला ते ऐकू जाते. मला त्यातच त्या विधीचे औषध दिसते.

शोक हा आजार नव्हे; पण तो कधी आजार होऊ शकतो. सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र ओढ व दुःख तसेच राहून रोजचे जगणे थांबले असेल, मूल शाळेत जाणे बंद झाले असेल, दारू वाढली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आणि ‘मलाही जायचे आहे’ असे कुणी बोलत असेल, तर एक दिवसही थांबू नये. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते.

त्या मुलाचे शेवटी काय झाले, ते सांगतो. आईला बाहेर बसवून मी विचारले, तेव्हा तो बोलला. आजोबा म्हणाले होते, “बापाला हाक मार रे, छातीत जड वाटतंय.” मोबाइलवरचा खेळ संपेपर्यंत तो उठला नव्हता. मी त्याला सांगितले, की छातीत जड वाटणे म्हणजे काय, हे अकरा वर्षांच्या मुलाने ओळखायचे नसते; ती जबाबदारी त्याची नव्हती. मग त्याच्या संमतीने वडिलांना बोलावले. ते बराच वेळ खाली पाहत राहिले. नंतर म्हणाले, “सकाळीच ते मला बोलले होते. मी म्हणालो, कापूस घालून येतो, मग जाऊ.” मुलाने पहिल्यांदाच मान वर करून बापाकडे पाहिले.

वडील आणि चुलते अजून एकमेकांशी मोजकेच बोलतात. मुलाचे पोट मात्र महिन्याभरात दुखायचे थांबले. त्यासाठी मी कोणतेही नवे औषध लिहून दिले नव्हते.