पन्नास किलोमीटर पळायचे आहे? आधी आईच्या प्रश्नाचे उत्तर

खोपोलीजवळच्या एका वस्तीतील माउलीने विहारात आम्हाला गाठून विचारले, "मुलाची पोलीस भरतीची वयोमर्यादा संपली. आता म्हणतो लोणावळ्याला पन्नास किलोमीटर पळणार. माणसाने एवढे पळावे का? काही होणार नाही ना त्याला?"

आरोग्यपान चालवणाऱ्या आम्हा मंडळींत एक निवृत्त आरोग्यसेविका आहेत आणि दोघे स्वतः लांब पल्ल्याचे पळणारे आहेत. तरीही या प्रश्नाचे उत्तर "हो" किंवा "नाही" असे एका शब्दात देता आले नाही. म्हणून हा लेख.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. त्याहून लांब पळणे म्हणजे अल्ट्रामॅरेथॉन. आपल्याला जवळची म्हणजे लोणावळ्याची टाटा अल्ट्रा, तिच्यात ३५ आणि ५० किलोमीटर असे दोन पल्ले असतात. दादरला शिवाजी पार्कजवळ १५ ऑगस्टला बारा तासांची मुंबई अल्ट्रा होते. जगात सर्वात नावाजलेली दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स, सुमारे ९० किलोमीटरची. ही शर्यत १९२१ साली सुरू झाली, पण काळ्या धावपटूंना आणि स्त्रियांना तिच्यात अधिकृत प्रवेश मिळायला १९७५ साल उजाडले. त्याआधी १९३५ मध्ये रॉबर्ट म्त्शाली नावाचा काळा धावपटू ती पुरी पळाला होता, पण त्याची नोंद शर्यतीत धरली गेली नाही. १९८९ मध्ये सॅम त्शाबालाला ती जिंकणारा पहिला काळा धावपटू ठरला. आपल्या वाचकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

लांब चालणे आपल्यालाही नवे नाही. १९७९ च्या नोव्हेंबरात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, तेव्हा त्यातल्या किती जणांच्या पायात धड चप्पल होती? शरीरात ती ताकद असते. प्रश्न फक्त ती कशी वाढवायची आणि कुठे थांबायचे, हा आहे.

भरतीच्या मुलांची पहिली चूक वेगाची असते. १६०० मीटर पाच-सव्वापाच मिनिटांत काढायची सवय लागलेली असते, म्हणून रोज जीव तोडून पळतात. ५० किलोमीटरला ही सवय घातक. किलोमीटरला आठ मिनिटे लागली तरी ५० किलोमीटर सहा तास चाळीस मिनिटांत होतात, आणि आठ मिनिटे म्हणजे चालण्यापेक्षा जरा पुढे. सरावाचे बहुतेक पळणे असे असावे की शेजारच्या मित्राशी पूर्ण वाक्य बोलता येईल. बोलताना धाप लागली की वेग कमी करायचा. चढ आला की चालायचे, त्यात कमीपणा नाही. मोठे धावपटूही चढ चालतात. पहिल्यापासूनच पंचवीस मिनिटे पळणे, पाच मिनिटे चालणे असा क्रम ठेवला तर शेवटच्या दहा किलोमीटरला पाय शिल्लक राहतात.

आठवड्याला २५-३० किलोमीटर त्रास न होता होत असतील, तर तेथून साधारण सहा महिने धरा. दर आठवड्याला एकूण अंतरात दहावा हिस्सा वाढवा, त्याहून जास्त नको. दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करा. आठवड्यातून चार दिवस पळणे पुरे. एक दिवस लांब पल्ला, दुसऱ्या दिवशी थकलेल्या पायांनी आठ-दहा किलोमीटर हळू. ही दोन दिवसांची जोडी अल्ट्राचा खरा सराव आहे. सरावात ५० पुरे करण्याची गरज नाही, ३२ ते ३८ पर्यंत एक-दोनदा गेलात की झाले. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत जायचे. नेमक्या याच दिवसांत मुलांना भीती वाटते आणि ती जास्त पळतात. तसे करू नका.

सरावाला जागा आपल्याकडे भरपूर आहे. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा घाटरस्ता सात-आठ किलोमीटर सलग चढाचा. तो चालत चढा आणि उतार हळू उतरा, कारण गुडघे चढणीवर नाही, उतारावर दुखतात. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर, त्यामुळे तिथल्या चढउतारांना या सरावाचा उपयोग होतो. सपाट पल्ल्याला कर्जतहून कोंदिवड्याचा रस्ता चांगला. पुढे पायवाटेने कोंडाणे लेणी आहेत. पावसाळ्यात दगड निसरडे असतात, तेव्हा लेण्यांकडे पळत जायचे नाही. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर मात्र पहाटे पळू नका. दुसरा मार्गच नसेल तर समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, अंगावर चमकणारी पट्टी लावून पळा.

आमच्या भागात बरेच जण कारखान्यात बारा तासांच्या पाळीत काम करतात. रात्रपाळी करून थेट पळायला जाणे हे धाडस नव्हे, नुकसान आहे. झोप सात तासांच्या खाली गेली की त्या आठवड्याचा लांब पल्ला सोडून द्या. सोडलेला पल्ला पुढच्या आठवड्यात भरून काढू नका.

आता ऊन. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्याबरोबर पळणारा एक तरुण दुपारी एकच्या सुमारास सरावाला गेला. "लोणावळ्याला ऊन सोसावे लागेल" एवढेच त्याचे कारण. पंधराव्या किलोमीटरला तो वेडेवाकडे बोलू लागला. मित्रांनी त्याला झाडाखाली झोपवून शेतातल्या पंपाचे पाणी अंगावर ओतले, म्हणून तो वाचला. उष्माघातात आधी शरीर थंड करायचे, नंतर न्यायचे. सावलीत घ्या, कपडे सैल करा, सर्वांगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ किंवा ओले फडके ठेवा आणि त्याच वेळी कोणीतरी १०८ ला फोन करा. बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. उन्हाची सवय लागते, पण तिला दहा ते चौदा दिवस द्यावे लागतात, आणि तीही सकाळी नऊच्या आतच्या उन्हात.

"पाणी भरपूर प्या" हे आपण सगळेच सांगतो. लांब पल्ल्यात हाही सल्ला अर्धाच. चार-पाच तास नुसते साधे पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते. बोटे सुजतात, अंगठी घट्ट होते, डोके दुखते, उलटी येते, गोंधळल्यासारखे होते आणि वेळीच ओळखले नाही तर झटके येतात. म्हणून तहान लागेल तेवढेच पाणी प्यायचे. आपला घाम किती जातो हे समजायला एक तास पळण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झाले म्हणजे जवळपास एक लिटर घाम गेला. शर्यतीनंतर वजन वाढलेले असेल तर पाणी जास्त झाले. सोबत ओआरएसची पाकिटे ठेवा. ती नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, मोठा नव्हे.

खाण्याचे खर्चिक जेल आम्हाला अजून पटलेले नाहीत. तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात गेले पाहिजे. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम असते. केळे, गुळाचे दोन खडे, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेले मीठ लावलेले रताळे, हे चालते. फक्त जे शर्यतीत खाणार ते सरावात खाऊन पाहा. रोजच्या जेवणात भात-भाकरीबरोबर चवळी, वाल, अंडी, सुकट असेल तर प्रथिनांच्या डब्याची गरज नाही. उपाशीपोटी लांब पल्ला नको, निदान पेज पिऊन निघा.

बुटांचे थोडक्यात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, कारण पाय सुजतो. पावसात ओले मोजे बदला, पाय कोरडे करा, नाहीतर चिखल्या होतात. भातखाचरातल्या पाण्यातून जखमेच्या पायाने गेलात आणि पुढे ताप आला तर लेप्टोचा संशय धरून सरकारी दवाखान्यात जा आणि आपण चिखलात पळतो हे डॉक्टरांना सांगा.

सरावाआधी तीन गोष्टी तपासून घ्या. पहिली, हिमोग्लोबिन. बाईचे १२ च्या आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर आधी ते वाढवायचे, मग अंतर वाढवायचे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. दुसरी, सिकलसेल. विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार आढळतो, आणि आपल्या कित्येक घरांची नाती तिकडे आहेत. ज्यांना आजार नसून फक्त वाहकपणा आहे, त्यांना एरवी काही जाणवत नाही, पण उन्हात जीव तोडून पळताना ते कोसळू शकतात. वाहक असाल तर पळणे बंद करायचे कारण नाही. डॉक्टरांना विचारून, वेग कमी ठेवून, ऊन टाळून पळा. तपासणी एका रक्ताच्या थेंबाची आहे. तिसरी, घरात कोणी तरुण वयात अचानक गेले असेल किंवा पळताना छातीत दुखत, चक्कर येत असेल, तर आधी हृदयाची तपासणी.

मुलींनीही पळावे, आणि त्यांच्या सोबतीला विहारातल्या दोघी-तिघी सायकलवर गेल्या तर घरचेही अडवत नाहीत. पाळी बंद झाली तर ती सरावाची शाबासकी समजू नका. पोटात जाते त्यापेक्षा खर्च जास्त होतो आहे, याची ती खूण आहे.

शर्यतीच्या दिवशी दुखले म्हणून दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. घाम गेलेल्या शरीरात आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. शर्यतीनंतर लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायू विरघळत आहेत असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

त्या माउलीला आम्ही सांगितले: मुलाला जाऊ द्या. पण आधी रक्त तपासा, एप्रिल-मेमध्ये दुपारी पळू देऊ नका, आणि लांब पल्ल्याच्या दिवशी तो परत आला की लघवीचा रंग कसा आहे एवढे जरूर विचारा. तो लाजेल. तुम्ही तरीही विचारा.