तोल शेवटी येतो

सकाळी 6. गॅरेजचं दार बंद, पंखाही बंद. या वेळी हवा हलत नाही आणि फ्रीवेवरच्या मालवाहू गाड्यांची थरथर अजून वाढलेली नसते. म्हणून काल संध्याकाळी पुरे झालेले प्रॉप, म्हणजे बोटींचे प्रोपेलर, मी पहाटे पुन्हा तपासतो. दोन धारदार पोलादी पट्ट्या स्पिरिट लेव्हलने समपातळीत आणलेल्या, त्यांवर पॉलिश केलेली दांडी आणि दांडीत प्रॉप. दोन पात्यांचा प्रॉप आडवा ठेवला तर हलता कामा नये, उभा ठेवला तरी नाही, तिरका ठेवला तरी नाही. आडवा असताना एक पातं खाली गेलं तर ते जड. पण उभा ठेवल्यावर एका बाजूला वळला, तर दोष मधल्या हबमध्ये आहे. ही दुसरी तपासणी पुष्कळ जण करतच नाहीत, आणि मग हबच्या दोषासाठी चांगली पाती घासत बसतात.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात मॉडेल बोटींच्या शर्यतींसाठी प्रॉप तयार करून देतो. हात टूलरूममध्ये तयार झाला, तोही पुण्यात.

सकाळी 7.30. व्हिटियर नॅरोजमधलं लेग लेक. वारा सुटायच्या आत पाणी सपाट असतं, चाचणीला हीच वेळ. आज बोटीवर ऑक्टुरा कंपनीचा एक्स-442 प्रॉप आहे. त्यातले 42 म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास, आणि आधीचा 4 म्हणजे पिच व्यासाच्या 1.4 पट. लाकडात स्क्रू जावा तसा हा प्रॉप पाण्यात गेला, तर एका फेऱ्यात 58.8 मिलिमीटर पुढे सरकेल. मिनिटाला 30,000 फेरे धरले तर ताशी जवळजवळ 106 किलोमीटर. प्रत्यक्षात स्लिपमुळे, म्हणजे पाण्यात घसरल्यामुळे, वेग त्याहून कमीच भरतो.

आता याच फेऱ्यांवर तोलाचा हिशेब करून पाहा. केंद्रापासून 15 मिलिमीटरवर 0.1 ग्रॅम धातू जास्त असेल, तर तो शाफ्टला सुमारे दीड किलोच्या जोराने बाहेर ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला 500 वेळा गोल फिरते. फेरे दुप्पट झाले की जोर चौपट. फ्लेक्स शाफ्ट, स्ट्रटमधला बुश, मोटरची बेअरिंग, सगळ्यांना तो सोसावा लागतो. नायट्रो इंजिनाच्या बोटीत तर टाकीतल्या इंधनाला फेस येतो, बुडबुडे कार्ब्युरेटरपर्यंत पोचतात, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. मालक बिचारा कार्ब्युरेटरची सुई पिळत राहतो, दोष मात्र बोटीच्या मागच्या टोकाला असतो.

या बोटींचा प्रॉप पूर्ण पाण्यात नसतो. पळताना जवळजवळ अर्धा बाहेर असतो, म्हणजे प्रत्येक पातं प्रत्येक फेऱ्यात एकदा पाण्यावर आपटतं. त्यामुळे थरथर शून्यावर कधीच येत नाही. पाण्याच्या धक्क्यावर आपला इलाज नाही. जड पात्याचा धक्का मात्र काढता येतो, आणि तो काढलाच पाहिजे.

सकाळी 10. बाकावर नवे ओतीव प्रॉप. बेरिलियम कॉपरचे, पाती जाड, कडा बोथट. पाठ, म्हणजे फुगीर बाजू, घासून पातं पातळ करायचं. पुढे ढकलणाऱ्या तोंडाला कानस लावायची नाही, कारण तिथला आकार बदलला की पिच बदलला. सगळं काम पाण्याच्या टबात, वॉटर पेपरने. या मिश्रधातूत साधारण 2 टक्के बेरिलियम असतं. त्याची कोरडी धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाचा कायमचा आजार जडू शकतो. म्हणून इथे झाडू नाही, कॉम्प्रेसरची हवा नाही. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं पिशवीत बंद करून टाकायचं. तोंडावर चांगला मास्क असतोच.

दुपारी 1. कपडे बदलून, हात धुऊन जेवण.

दुपारी 2. मित्राचा मुलगा येतो. तो इथे शिकायला आहे आणि स्वतः बोट पळवतो. त्याने घरी घासलेला प्रॉप माझ्या हातात दिला.

"काका, पट्ट्यांवर एकदम स्थिर राहतो. तरी बोट थरथरते."

"अरे, आधी पिच बघू."

प्रॉप दांडीत बसवला. केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर पात्याला डायल गेज टेकवला, प्रॉप ठरावीक कोनातून फिरवला आणि सुई किती सरकली ते वहीत लिहिलं. मग दुसरं पातं, तेच अंतर, तोच कोन. दोन आकडे जुळले नाहीत. मागच्या कडेचा बाक, ज्याला आम्ही कप म्हणतो, एका पात्याला जास्त होता. वजन सारखं, पण एक पातं पाण्याला जास्त ढकलणार, दुसरं कमी, आणि शाफ्ट दर फेऱ्याला एकाच पात्याच्या बाजूने वाकणार. पट्ट्यांवर हे कधीच दिसत नाही, कारण तिथे पाणी नसतं.

"म्हणजे पहिल्यापासून करायचं?"

"पहिल्यापासून. व्यास, मग पिच, मग कप, मग जाडी. तोल सगळ्यात शेवटी."

माझ्या दिवसाचे बहुतेक तास या चारांत जातात. चारही जुळले की तोलाला फारसं काही उरत नाही. उलट, वेड्यावाकड्या पात्यांचा तोल नुसतं घासून आणला, तर प्रॉप स्थिर दिसतो आणि बिघडलेलाच राहतो.

दुपारी 4. तोल. आधी दांडी भोकात सैल नाही ना, ते पाहायचं. 20 ग्रॅमचा प्रॉप केंद्रापासून नुसता 0.05 मिलिमीटर सरकला, तर 1 ग्रॅम-मिलिमीटरचा फरक पडतो. मघाच्या 0.1 ग्रॅमचा फरक दीड ग्रॅम-मिलिमीटर होता. म्हणजे सैल दांडीवरचा तोल हा दांडीचाच दोष सांगतो. मग जड पात्यावर मार्करने खूण, पाठीवर वॉटर पेपरचे दोन-चार हात, पुसून कोरडं करून पुन्हा पट्ट्यांवर. पाण्याचा थेंब राहिला तरी निकाल चुकतो. टोकाजवळचा धातू तोलावर जास्त परिणाम करतो, म्हणून तिथे हात हलका. आणि टोक कापून वजन उतरवायचं नाही, व्यास गेला की मघाचं सगळं मोजमाप वाया.

संध्याकाळी 6.30. कडांना शेवटची धार. ती सुरीसारखी कापते, म्हणून प्रत्येक प्रॉप जाड कापडात गुंडाळून डबीत, वर त्याचे आकडे लिहिलेली चिठ्ठी. धारेने तोल हलला असेल, तर पहाटे पट्ट्यांवर दिसेलच.

पुण्या-मुंबईची मुलंही आता असे प्रॉप परदेशातून मागवतात. त्यांना माझं एवढंच कळकळीचं सांगणं: बेरिलियम कॉपरला कोरडी कानस लावू नका, स्वयंपाकघराच्या ओट्यावर तर नाहीच. पाण्याचा टब आणि मास्क आधी घ्या, प्रॉप नंतर मागवा.