निसटले ते अर्पण नव्हे

श्रावणातील पौर्णिमा उजाडली की कोकणच्या किनाऱ्यावर सागरपूजनाची लगबग सुरू होते. वाजतगाजत नेलेला, सोनेरी वेष्टनाने मढविलेला नारळ कोळी बांधव समुद्रास अर्पण करतात आणि पावसाळ्याचे दिवस किनाऱ्यावर विसावलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. समुद्रास आपल्या पूर्वजांनी रत्नाकर म्हटले. दुर्वासांच्या शापाने अंतर्धान पावलेली लक्ष्मी देवांना परत मिळाली तीही क्षीरसागराच्या मंथनातूनच. पाण्याला द्यावे आणि पाण्याकडून मिळावे, असा हा जुना व्यवहार आहे. परंतु या व्यवहाराची एक बाजू अशी आहे की तिच्याविषयी आपल्या घरांतून पुष्कळच गैरसमज आढळतो. नावेतून जाताना हातातली अंगठी, गळ्यातला सर, कमरेची किल्ली किंवा आजकालचा मोबाइल पाण्यात पडला, तर त्याचे काय समजावयाचे? ते देवाला पोहोचले असे म्हणून हात जोडावेत, की ते शोधावे?

याचे उत्तर धर्मशास्त्राच्या दृष्टीने अगदी स्पष्ट आहे. आपल्या वस्तूवरील स्वामित्व आपण होऊन सोडणे आणि ते दुसऱ्याच्या ठायी निर्माण करणे, याला शास्त्रकार दान म्हणतात. म्हणूनच दानाच्या आधी हातावर उदक घेऊन संकल्प करावयाचा असतो. जेथे संकल्प नाही तेथे त्याग नाही आणि जेथे त्याग नाही तेथे स्वामित्व संपत नाही. पौर्णिमेचा नारळ आपण सोडतो, तो समुद्राचा झाला. अंगठी आपण सोडलेली नसते, ती सुटलेली असते. सोडणे आणि सुटणे यांत एवढे मोठे अंतर आहे, हे मराठी भाषेलाही ठाऊक आहे.

आमच्या पंढरीत चंद्रभागेच्या होड्या हे नित्याचे दृश्य. महाद्वार घाटावरून भाविक होडीत बसतात आणि गोपाळपूर, विष्णुपद करून परततात. काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आम्ही विष्णुपदास निघालो असता होडीत एक नवविवाहित दांपत्य व वराकडील वडील मंडळी होती. पाण्यात हात घालण्यासाठी ती मुलगी किंचित वाकली, तोच मंगळसूत्राचा दोरा तुटला आणि ते पाण्यात गेले. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. सासूबाई म्हणाल्या, "चंद्रभागेनं घेतलं. आता मागू नये. पण लक्षण काही बरं नव्हे." त्यावर वृद्ध नावाडी शांतपणे म्हणाला, "आजी, नदीनं घेतलं न्हाई, दोरा तुटला. आता कुणी हलू नगा." असे म्हणता म्हणता त्याने हातातला बांबू त्याच जागी तळाशी रोवला आणि होडी त्याला बांधून टाकली. पाणी निवळू दिले. मग त्याचा मुलगा बांबू धरून खाली उतरला. तिसऱ्या बुडीला त्याच्या मुठीत वाळूबरोबर दोन्ही वाट्या आल्या. बरेचसे काळे मणी मात्र गेले ते गेलेच. सासऱ्यांनी दिलेले पैसे मुलाने कपाळास लावून घेतले. मुलीच्या डोळ्यांना तेव्हा कुठे धार लागली.

वाचकहो, त्या नावाड्याने बांबू रोवला नसता तर काय झाले असते, याचा दृष्टांत एका फार जुन्या ग्रंथात आहे. संघसेन नावाच्या भारतीय भिक्षूने संस्कृतात उपमाकथांचा एक संग्रह केला. त्याचा शिष्य गुणवृद्धि याने इ. स. ४९२ मध्ये तो चिनी भाषेत उतरविला. मूळ संस्कृत ग्रंथ लुप्त झाला, चिनी भाषांतर तेवढे उरले. त्यात एक कथा आहे ती अशी. समुद्रप्रवासात एका माणसाचे रुप्याचे भांडे पाण्यात पडले. त्याने विचार केला, आता पाण्यावर खूण करून पुढे जावे, मागाहून काढून घेऊ. दोन महिन्यांनी तो सिंहलद्वीपी पोहोचला आणि तेथील नदी पाहताच भांडे शोधण्यासाठी तीत उतरला. लोकांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "पाणी तर तेच दिसते आहे!" लोक म्हणाले, "पाणी सारखे असले म्हणून जागा तीच कशी होईल?" चीनमध्येही ख्रिस्तपूर्व ३ऱ्या शतकातील एका ग्रंथात अशीच गोष्ट येते. तीतील मनुष्य नावेतून तरवार पडताच नावेच्या काठावर खूण कोरतो आणि नाव किनाऱ्यास लागल्यावर त्या खुणेखाली पाण्यात शोधू लागतो. नाव चालत राहिली, तरवार चालली नाही, हे त्याच्या ध्यानीच आले नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही की खूण स्थिर वस्तूची धरावी. वस्तू पडताच नावाड्यास हाक द्यावी आणि पाणी उथळ असेल तर बांबू रोववावा, खोल असेल तर दोरीला जड दगड बांधून तळाशी सोडावा व दोरीच्या वरच्या टोकास रिकामा डबा तरंगत ठेवावा. त्याच वेळी काठाकडे पाहून दोन खुणा जुळवाव्यात. एखाद्या देवळाचा कळस व त्यामागचे झाड एका रेषेत दिसत असेल तर ती एक रेषा झाली. दुसऱ्या दिशेस घाटाचा बुरूज आणि एखादे घर अशी दुसरी रेषा धरावी. या दोन रेषा जेथे छेदतात तीच जागा. दर्यावर्दी कोळी डोंगर, कळस आणि माड यांच्या अशाच खुणांनी भर समुद्रात आपली मासेमारीची जागा ओळखतात.

दुसरी गोष्ट, स्वतः उडी घेऊ नये. एकदम उडी घेतल्याने होडी कलंडते, तळ ढवळला जातो, आणि जेथे वाळूउपशाचे खड्डे आहेत अशा नदीत चांगला पोहणाराही फसतो. अलंकार पुन्हा घडविता येतो, मनुष्य घडविता येत नाही. शुद्ध सोने पाण्याच्या एकोणीसपट जड असते. संथ पाण्यात ते फार लांब वाहत जात नाही, मात्र वाळूत लवकर रुतते. म्हणून जाणत्या पाणबुड्याने प्रवाहाच्या खालच्या अंगाने वर सरकत यावे, म्हणजे ढवळलेला गाळ मागे वाहून जातो आणि पुढचे पाणी स्वच्छ राहते. तळाशी सोडलेल्या दगडास दुसरी दोरी बांधून, ती हाती धरून, आधी लहान व मग क्रमाक्रमाने मोठे फेरे घेत चाचपडावे. लोखंडी किल्ल्यांना लोहचुंबक उपयोगी पडतो, सोन्याचांदीला तो ओढत नाही. विहिरीतील कळशी काढण्याचा गळ दागिन्यास लावू नये, त्याने वस्तू अधिकच खोल रुतण्याचा संभव असतो. नदीला पूर असेल तर शोधाचा नादच सोडावा.

आता सापडलेल्या वस्तूविषयी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हरवलेले धन राजाने तीन वर्षे राखून ठेवावे असे सांगितले आहे. हक्क सांगणाऱ्याने त्या वस्तूचे रूप, संख्या इत्यादी खुणा बरोबर सांगितल्या पाहिजेत, आणि ज्याला त्या सांगता येत नाहीत तो दंडास पात्र होतो. त्याच अध्यायात असेही आहे की नावाड्यांच्या अपराधाने नावेतील वस्तूचा नाश झाला तर सर्व नावाड्यांनी मिळून ती भरून द्यावी, पण दैवी आपत्तीने झाला तर त्यांना दोष नाही. आजचा कायदाही याच्याशी मिळताजुळता आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो त्याची जबाबदारी, विश्वासाने ठेव सांभाळणाऱ्याएवढीच असते. कलम १६८ त्याचा कष्टखर्चही मान्य करते. तो मिळेपर्यंत वस्तू त्यास आपल्यापाशी ठेवता येते, आणि मालकाने बक्षीस जाहीर केले असेल तर ते मागता येते.

मात्र शोधून देणाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? कालिदासाचे शाकुंतल आठवावे. शचीतीर्थास वंदन करताना शकुंतलेच्या बोटातून निसटलेली मुद्रिका एका धीवराला रोहित मत्स्याच्या पोटात सापडली, तर रक्षकांनी त्यालाच चोर ठरवून बांधले. राजाने मात्र मुद्रिकेच्या मोलाइतके पारितोषिक त्यास पाठविले. आपणही रक्षकांचा कित्ता न गिरवता राजाचा गिरवावा. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या मुठीकडे संशयाने पाहण्यापेक्षा त्याच्या श्रमाचे मोल आधी ठरवावे आणि वस्तू मिळो वा न मिळो, ते द्यावे.

आणि मालकानेही खरेच बोलावे. या श्रावणात घरोघरी सत्यनारायणाची पूजा होईल, साधुवाण्याची कथा वाचली जाईल. दंडी संन्याशाने नावेत काय आहे असे विचारले असता धन लपविण्यासाठी त्याने वेली आणि पाने आहेत असे सांगितले आणि नावेत खरोखरच वेली व पाने दिसू लागली. धन परत मिळाले ते शरण जाऊन सत्य मान्य केल्यावर. पाच मण्यांचे दहा सांगणाऱ्याने ही कथा नीट ऐकावी.

असो. सणाच्या दिवशी नावेत बसणाऱ्या माताभगिनींनी दागिन्यांचे दोरे व फासे घरीच तपासून घ्यावेत. तरीही एखादीचे काही पाण्यात पडलेच, तर घरातील वडीलधाऱ्यांनी त्या मुलीला अपशकुनाचे बोल लावू नयेत. तुटला तो दोरा, सौभाग्य नव्हे. आधी तिला धीर द्यावा, मग नावाड्याला बांबू रोवण्यास सांगावे. वरुणदेवता सर्वांचा प्रवास निर्विघ्न करो, हीच पौर्णिमेच्या दिवशी आमची प्रार्थना.