साठीनंतरची बाराखडी

जपानी अक्षरे शिकायला घेतली म्हटल्यावर शेजारीपाजारी प्रथम हसतात आणि मग हळूच विचारतात, "ती हजारो चित्रे या वयात लक्षात राहायची कशी?" ती हजारो म्हणजे चीनमधून आलेली कांजी, तिच्या वाटेला मी गेलेलोच नाही. माझा मुक्काम ओसरीवरच, हिरागाना आणि काताकानापाशी. दोन्हींत मूळ अक्षरे 46. उच्चार तेच, वळणे निराळी. हिरागाना मुख्यतः घरच्या शब्दांसाठी, काताकाना परदेशी पाहुण्यांसाठी.

कारण म्हणाल तर नात. ती तिकडे पहिलीत आहे. चित्राखाली हिरागानात दोन ओळी लिहून पाठवते. अर्थ लेक सांगते, पण आपला लाडू दुसऱ्याने खाऊन चव सांगावी, तसेच ते!

तक्ता उघडला आणि चकित झालो. आ, इ, उ, ए, ओ. पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपलीच वर्णमाला की! हा योगायोग नव्हे. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र ब्राह्मीच्या वंशातल्या 'सिद्धम्' लिपीतून जपानला पोहोचले. त्यांच्या अभ्यासातून हा क्रम तिकडे रुजला. 'म'च्या आधी 'ह' कसा? तर तो जुना 'प' आहे! आजही 'हा'च्या खांद्यावर छोटे वर्तुळ काढले की 'पा' होतो. आणि ब्राह्मीतला अशोकाचा लेख तर आमच्या सोपाऱ्यास 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला. म्हणजे ओळख शेजारचीच निघाली.

अक्षरांची रूपे मात्र चिनी अक्षरांवरून आलेली; तिथे ही ओळख कामी येत नाही. आपल्याकडे 'क'ला वेलांटी दिली की भागले. तिकडे 'का' आणि 'कि' यांची तोंडे एकमेकांना अनोळखी. ने, रे, वा ही हिरागानातली तिळी भावंडे: शेपटीला गाठ असली तर ने, बाहेर वळली तर रे, आत वळली तर वा. काताकानातले 'शि' आणि 'त्सु' तर चष्मा पुसूनच पाहावेत.

गावांची नावे लिहिताना खरी गंमत. 'ल' नाही, म्हणून नालासोपाऱ्याचे 'नारासोपारा'. 'न्' सोडला तर शब्द स्वरावरच संपायचा, म्हणून विरारचे 'बिरारु'. 'व'ला बहुधा 'ब' लावतात, तेव्हा वसई झाली 'बासाइ'. पोर्तुगिजांनी 'बसाईं' आणि इंग्रजांनी 'बसीन' केलेल्या गावाला याचे काय मोठेसे! नातीला धाडलेल्या पाकिटावर मी तसेच लिहिले. लेक म्हणाली, पोरीने ते कोणाला न विचारता मोठ्याने वाचले.