ऑक्सिजनच्या टकरी आणि भालेरावांचा आक्षेप

२०२५ च्या जुलैत जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये ऑक्सिजनची व निऑनची केंद्रके प्रथमच परस्परांवर आदळविली गेली आणि त्या टकरींतूनही उपजलेल्या कणांचा सामूहिक प्रवाह उमटला, हे वर्तमान वाचकांनी वाचलेच असेल. परंतु एरवी आदळविल्या जाणाऱ्या शिशाच्या २०८ न्यूक्लिऑनांच्या (प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या) जागी अवघ्या १६ न्यूक्लिऑनांच्या केंद्रकांतून जे द्रव्य क्षणमात्र उपजते, त्यास द्रव म्हणावयाचे ते कोणत्या आधारावर, हा प्रश्न मला त्या वर्तमानाहून मोलाचा वाटतो.

आपल्या नळदुर्गात बोरी नदीस बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल उभारणाऱ्या आदिलशाही कारागिरांना पाण्याच्या रेणूची खबरही नव्हती, आणि पाणी कोठे किती रेटते एवढ्या ज्ञानावर त्यांचे काम निभावले. सुमारे दोन लाख कोटी अंश तापमानास प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून जे क्वार्क-ग्लुऑनांचे द्रव्य होते, त्याचे प्रतिमान रचणाराही एकेका क्वार्कचा माग न काढता ऊर्जेचा व संवेगाचा जमाखर्च तेवढा राखतो. दाब आणि ऊर्जाघनता यांचे नाते मात्र त्याला संगणकावरील जालक-गणिताकडून घ्यावे लागते, ज्या गणितात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राजीव गवई व सौरेंदू गुप्ता यांनी मोठी कामगिरी केली.

या जमाखर्चास एक अट आहे: कण एकमेकांवर इतक्या वेळा आदळले पाहिजेत की जागोजागी समतोल प्रस्थापित व्हावा. २००५ च्या एप्रिलात अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेने जवळजवळ आदर्श द्रव सापडल्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी टाटा संस्थेच्याच राजीव भालेराव यांनी ब्लेझो, बोर्गिनी व ओलित्रो या सहलेखकांसह असे मांडले की, बदामाकृती टक्करक्षेत्रातून निघणाऱ्या विवृत्तीय प्रवाहाची उपलब्ध मोजमापे पाहता हा समतोल अपुराच दिसतो. टक्करक्षेत्राच्या दर एकक क्षेत्रफळामागे किती कण उपजले, यावरून प्रत्येक कणाच्या वाट्यास आलेल्या आघातांचा अंदाज बांधता येतो, आणि केंद्रके बदलून ते आघात कमीअधिक करून पाहता येतात, ही त्यांची युक्ती होती. जयघोषाच्या त्या काळात असा आक्षेप घेणे हे मी उच्च कोटीचे विज्ञान समजतो.

पुढे श्यानता, म्हणजे द्रवाचे अंतर्गत घर्षण, जमेस धरून प्रतिमाने सुधारली, आणि निऑनचे केंद्रक लांबट असल्याने समोरासमोरच्या टकरींत त्याचा विवृत्तीय प्रवाह ऑक्सिजनच्या प्रवाहापेक्षा वरचढ ठरेल, हे भाकीतही खरे ठरले. तथापि आरंभीचा आकार, श्यानता, द्रवाचे पुन्हा कण होण्याचे तापमान अशा अनेक राशी ज्या प्रतिमानात मोजमापांशी जुळवून घेता येतात, त्याच्या यशास समतोलाचा पुरावा मानण्यास माझे मन राजी नाही. शिवाय त्याच कोलायडरवरील सीएमएस गटाने ऑक्सिजनच्या टकरींत वेगवान कणांची घटही, म्हणजे द्रव्यात त्यांची ऊर्जा खर्ची पडल्याची खूणही, नोंदविली आहे. ती घट आणि हा प्रवाह या दोहोंचा हिशेब एकाच द्रव्याच्या एकाच वर्णनातून लावून दाखविण्याचे काम आता प्रतिमानकारांच्या माथी आले आहे.