पडद्यावरचा बाण आपोआप सरकतो तेव्हा

सकाळी नळाला पाणी आलं की आपली हंडे-बादल्यांची गडबड सुरू होते. त्या पाण्यात क्लोरीन किती सोडायचं, कोणता पंप कधी थांबवायचा, हे हल्ली बरंचसं भिंतीवरच्या पेटीतला एक छोटा संगणक ठरवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? पीएलसी म्हणतात त्याला. वीज, रसायनं, दूध-डेअरी, सगळीकडे तोच. आणि संगणक आला की त्यात चोर शिरायची भीतीही आलीच!

२३ डिसेंबर २०१५ची गोष्ट. युक्रेनमधल्या एका वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षात कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला आणि एकामागून एक उपकेंद्रं बंद करत सुटला. आणखीही कंपन्यांवर त्याच दिवशी घाला पडला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन थंडीत अंधारात! शेवटी माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली, हातानं खटके ओढले आणि काही तासांत वीज परत आणली. हातानं ओढता येत होते म्हणून निभावलं, बरं का.

आता ही विद्या पुस्तकातून कशी येणार? पुरणाची कृती कितीही नीट लिहा, उलथनं उभं राहतं का ते बघितल्याशिवाय पुरण झालं की नाही कळत नाही. पण गावाचं पाणी तोडून तर शिकता येत नाही! म्हणून शिकण्यासाठी लहान केंद्रं उभारतात. सिंगापूरच्या तंत्रज्ञान विद्यापीठात २०१५ साली खरंखुरं छोटं जलशुद्धीकरण केंद्र बांधलं. सहा टप्पे, मिनिटाला एकोणीसेक लिटर पाणी, म्हणजे आपली एक मोठी बादली. अमेरिकेत आयडाहो फॉल्सला शिकणाऱ्यांचे दोन गट करतात. लाल गट यंत्रणेत घुसतो, निळा ती राखतो. आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीतही वीज आणि पाण्याच्या अशा प्रयोगशाळा आहेत.

तिथे अंगवळणी पाडायची मुख्य गोष्ट म्हणजे पडद्यावर आंधळा विश्वास टाकायचा नाही. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेटनं इराणमधल्या नातान्झची यंत्रं बिघडवली, तेव्हा पडद्यावर सगळं आलबेलच दिसत होतं. म्हणून टाकीवरचा काटा स्वतः जाऊन वाचायचा. दुसरं, ऑफिसातला संगणक बिघडला की आपण खुशाल बंद करतो. चालती भट्टी तशी बंद केली तर आतला मालच काय, माणूसही जायचा. काय थांबवायचं आणि काय चालू ठेवायचं, हे हात घालूनच कळतं.

घरातलं कुणी कारखान्यात पाळीवर असेल, तर आज जेवताना विचारून बघा: पडदा गेला तर यंत्र हातानं चालवायचा सराव शेवटचा कधी झाला? आणि लेक इन्स्ट्रुमेंटेशनच्या डिप्लोमाला असेल, तर कॉलेजात अशी प्रयोगशाळा आहे का, हे फी भरण्याआधीच विचारा.